संमेलनातले गाणे आणि पालकांचा आक्षेप

(एका मराठी प्राथमिक शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनापूर्वी भरलेल्या पालकसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संमेलनाची तारीख ठरली, मांडववाल्याला विसार दिला, पाहुण्यांचा होकार आला. आता गाणी कोणती घ्यावयाची एवढाच प्रश्न उरला आहे, असे मुख्याध्यापकांनी आताच सांगितले. त्यांच्या ‘एवढाच’ या शब्दाविषयी आमची थोडी तक्रार आहे. मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो, पाहुणे त्याच रात्री परत जातात आणि भाषणे तर सभागृहातच विसरली जातात. राहते ते गाणे. तिसरीत असताना आपण कोणत्या गाण्यावर नाचलो हे साठीच्या माणसालाही आठवते. त्या वर्षी गणितात किती गुण मिळाले हे आठवत नाही. म्हणून हा उरलेला प्रश्न सर्वांत लहान नसून सर्वांत मोठा आहे, असे आम्ही मानतो.

या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आम्हाला कोणत्याही विद्वत्तेने प्राप्त झालेला नाही. तो एका चुकीने प्राप्त झाला आहे. ती चूक आमची आहे आणि ती आधी सांगून टाकणे योग्य होईल.

चार वर्षांपूर्वी एका शाळेच्या संमेलन समितीत आम्ही होतो. चौथीच्या बारा मुलींनी एक कोळीगीत बसविले होते. तीन आठवडे तालीम चालली. संमेलनाला दोन दिवस उरले असता एक पालक समितीपुढे आले आणि हे गाणे अमुक एका चित्रपटातील असून अत्यंत बीभत्स आहे, आमच्या मुली यावर नाचणार नाहीत, असे त्यांनी संतापाने सांगितले. त्यांच्यामागे आणखी चौघे उभे होते. वाद वाढू नये, संमेलनाला गालबोट लागू नये, म्हणून समितीने पाच मिनिटांत गाणे रद्द केले. आम्हीही हात वर केला. ज्या बाईंनी ते बसविले होते त्यांना कोणी बोलावले नाही. गाण्याचे शब्द कोणी मागितले नाहीत.

संमेलनाच्या रात्री त्या बारा मुली नऊवारी लुगडी नेसून, केसांत अबोलीचे गजरे माळून, टोपल्या घेऊन पडद्यामागे आल्या होत्या. ऐन वेळी आपल्याला रंगमंचावर घेतील अशी आशा त्यांना कोणीतरी लावली होती. तशाच त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या. पुढे आठवड्याने बाईंनी आपली वही आम्हाला दाखविली. संपूर्ण गाणे त्यांनी स्वहस्ते लिहून घेतले होते. त्यात समुद्र होता, होडी होती, नारळी पौर्णिमा होती, घरधन्याची वाट पाहणारी कोळीण होती. बीभत्स काहीही नव्हते. त्या चित्रपटातील गाणे निराळेच होते. दोहोंचा प्रारंभीचा शब्द तेवढा एक होता. त्यांतल्या एका मुलीने पुढे आम्हाला विचारले, “काका, आमच्या गाण्यात वाईट काय होतं?” पालकहो, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि आजही नाही. त्या बाईंनी मात्र नंतरच्या वर्षी नवे काही बसविले नाही. दरवर्षीचे तेच देशभक्तिपर गीत त्यांनी दिले. कोणी आक्षेप घेतला नाही, आणि कोणी लक्ष देऊन ऐकलेही नाही.

यावरून पालकांनी आक्षेप घेऊच नये असे आम्ही सांगण्यास आलो आहोत, असा समज कृपया करून घेऊ नये. मूल आपले आहे. त्याच्या तोंडी कोणते शब्द घातले जातात हे विचारण्याचा हक्क आईबापांना नाही तर कोणाला? आक्षेप अवश्य घ्यावा. परंतु तो कशावर, केव्हा आणि कोणापाशी घ्यावा, याचा विवेक पाहिजे. आज बोलावयाचे ते या विवेकाविषयी.

पहिला आक्षेप वयाचा. हा सर्वांत रास्त. प्रौढांच्या शृंगाराची गाणी आणि त्यांवरचे हावभाव सहासात वर्षांच्या लेकरांकडून करवून घेण्याची चाल अलीकडे फार वाढली आहे. दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धांनी तिला प्रतिष्ठाही दिली. हा प्रकार इतका वाढला की, केंद्र शासनाच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला १८ जून २०१९ रोजी खासगी वाहिन्यांसाठी सूचनापत्रक काढावे लागले. मूळ चित्रपटांत प्रौढ नटनट्यांनी केलेले हावभाव लहान मुलांकडून करवून घेणे त्यांच्या वयाला अनुचित असून त्याचा त्यांच्या कोवळ्या मनावर वाईट परिणाम होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. वाहिन्यांना जे सांगावे लागले ते शाळेला निराळे सांगण्याची गरज पडू नये.

“मुलांना त्यातले काय कळते?” असे पुष्कळ जण म्हणतात. शब्द कळत नाहीत हे खरे. परंतु कोणत्या मुरक्याला टाळ्या पडतात आणि कोणत्या झटक्याला शिट्टी येते, हे त्यांना उत्तम कळते. तालमीच्या दिवसांत एक गाणे मूल शंभरदा ऐकते, आणि शंभरदा ते अंगातून काढते. पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्याच्या वाट्याला एवढी उजळणी येत नाही. मग या धड्यातून आपले कौतुक कशामुळे होते याविषयी ते काय शिकले, हा विचार आपण करावयास नको काय? शिवाय पूर्वी संमेलनाचे प्रेक्षक चार भिंतींच्या आत असत. आता समोरच्या प्रत्येक खुर्चीवरून मोबाईल उंचावलेला असतो आणि आपल्या मुलीचा नाच रात्री बारापर्यंत कोणकोणाच्या हाती गेला याचा पत्ता आपल्यालाही नसतो. घरच्या माणसांपुढचे बागडणे आणि जगापुढचे प्रदर्शन यांतील भिंत पडली आहे. म्हणून या बाबतीत पालकांनी पूर्वीपेक्षा अधिक जागरूक राहिले तर त्यांना कोणी सनातनी म्हणून हिणवू नये.

तथापि येथेच एक सोपी पळवाट निघते. ती म्हणजे, “चित्रपटाचे गाणेच नको.” असा ठराव अनेक शाळांतून दरवर्षी होतो आणि दरवर्षी मोडतो. तो मोडतो कारण तो मुळातच चुकीचा आहे. ‘नाच रे मोरा’ या गाण्यावाचून मराठी बालवाडीचे संमेलन झाल्याचे आम्हाला आठवत नाही. ते कोठले? १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, स्वर आशा भोसले यांचा, आणि चाल पु. ल. देशपांडे यांची, तेच पु. ल., ज्यांनी काही काळ आपल्या या बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले. देशभरातील शाळांतून सकाळी म्हटल्या जाणाऱ्या दोन हिंदी प्रार्थना घ्या. एक व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातील, दुसरी १९७१ सालच्या ‘गुड्डी’तील. पहिली भरत व्यासांची, दुसरी गुलजारांची. दोहोंना चाल लावणारा संगीतकार एकच, आपल्या शेजारच्या कुडाळ भागातले वसंत देसाई. त्यांपैकी पहिला चित्रपट तर खुनाच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांचा आहे. कैद्यांच्या कथेतील गाणे म्हणून कोणी ती प्रार्थना नाकारली असती, तर हानी कोणाची झाली असती?

उलट बाजूही पाहा. जे चित्रपटाचे नाही ते सर्व निर्मळ, असेही नव्हे. आपल्या आळीतून आश्विनात जो हादगा खेळला जातो, ज्याला पुण्याकडे भोंडला म्हणतात, त्याच्या गाण्यांकडे कधी कान देऊन पाहा. परकर नेसलेल्या आठनऊ वर्षांच्या पोरी हत्तीभोवती फेर धरून सासूचा जाच, नणंदेचा चोंबडेपणा, नवऱ्याचा मार आणि माहेरची अडलेली वाट यांची गाणी म्हणतात. त्यावर आजवर कोणी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. १९५३ सालच्याच ‘श्यामची आई’ या चित्रपटात आचार्य अत्र्यांचे ‘छडी लागे छम छम’ आहे. शाळेत मुलाला मारणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध ठरविले, तरी ते गाणे मुले आनंदाने म्हणतात आणि त्यातील थट्टा त्यांना नेमकी कळते. तात्पर्य हे की, गाणे कोठून आले हा प्रश्न गौण आहे. त्यात मूल मूल राहते की नाही, हा प्रश्न मुख्य आहे. हादग्यातील पोरगी पोरगीच राहून मोठ्यांच्या जगाची टिंगल करते. शृंगारगीतावर नाचविलेली पोरगी मात्र मोठ्या बाईचे सोंग घेऊन मोठ्यांच्या नजरेसाठी उभी असते. कसोटी ही.

याच कसोटीने लावणीचा वादही मिटावा. दरवर्षी कोणी लावणी घ्या म्हणतो, कोणी शी म्हणतो. दोघांनाही आमचे सांगणे असे की, राम जोशी, होनाजी बाळा आणि पठ्ठे बापूराव यांनी वाढविलेली ही कला मराठी भाषेचे लेणे आहे. तिला शी म्हणणाऱ्याला आपल्या भाषेचा इतिहास ठाऊक नाही. परंतु तिचा शृंगार जाणत्या स्त्रीचा आहे. तो दुसरीतल्या मुलीला नेसविणारा तिचा मान वाढवीत नाही. त्याच शाहिरांच्या घरी पोवाडा आहे, गोंधळ आहे, भारूड आहे. आपल्या मुलांना शोभेल असे तिथे ढीगभर पडले आहे. ते शोधण्याचे श्रम तेवढे हवेत.

दुसरा आक्षेप धर्माचा. हा नाजूक आहे, म्हणून तो टाळण्याकडे आपला कल असतो. एकाच्या देवाची आरती दुसऱ्याच्या मुलाने म्हणावी काय, हा प्रश्न पालकाच्या मनात येतो. तो बोलत नाही, त्या दिवशी मुलाला तापच येतो! या बाबतीत आपल्या राज्यघटनेने काही सांगून ठेवले आहे. तिच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ११ ऑगस्ट १९८६ रोजी एका गाजलेल्या खटल्यात हाच उदार दृष्टिकोन घेतला. केरळातील तीन भावंडे आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हणत नसत. परंतु ते चालू असता आदराने उभी राहत. १९८५ साली शाळेने त्यांना काढून टाकले. न्यायालयाने त्यांना परत घ्यावयास लावले, कारण आदराने उभे राहणाऱ्याने राष्ट्रगीताचा अवमान केला असे होत नाही. प्रत्यक्ष राष्ट्रगीताच्या बाबतीत जर एवढी सहिष्णुता दाखविता येते, तर संमेलनातील एका गाण्यातून एखादे मूल नम्रपणे बाजूला राहिले म्हणून त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याचे कारण नाही.

पण हा हक्क स्वतःच्या मुलापुरता आहे, हेही ध्यानात ठेवावे. माझ्या मुलाला वगळा, असे म्हणणे निराळे. ते गाणे कोणीच म्हणू नये आणि शिकविणाऱ्याला शिक्षा करा, असे म्हणणे निराळे. ऑक्टोबर २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील पिलिभीत जिल्ह्यात एका शासकीय प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना मुलांकडून इक्बालांची एक उर्दू प्रार्थना म्हणून घेतल्याच्या तक्रारीवरून निलंबित करण्यात आले. ती तक्रार पालकांची नव्हती, बाहेरच्या संघटनांची होती. ‘सारे जहाँ से अच्छा’ लिहिणारा कवी तोच, आणि दोन्ही रचना एकाच काळातल्या. शाळेच्या उंबऱ्याबाहेरचा आरडाओरडा आत आला म्हणजे गाण्याचे शब्द वाचण्याची सवड कोणालाच राहत नाही. आम्ही आमच्या समितीत जे लहान प्रमाणावर केले तेच तिथे मोठ्या प्रमाणावर झाले. ज्या महाराष्ट्राने साने गुरुजींची प्रेमधर्माची प्रार्थना शाळाशाळांतून घुमविली, त्याच्या भाषेत वाढणाऱ्या आपण तरी हा मोह आवरला पाहिजे.

तिसरा विषय भाषेचा. सीमाभागात तो निघणारच. कचेरीतील कागद, रस्त्यावरची पाटी, बसवरचा फलक यांत आपल्या मुलांना मराठी क्वचितच भेटते. मोठ्या आवाजात, सजूनधजून, चारशे माणसांसमोर अभिमानाने मराठी उच्चारण्याचा प्रसंग वर्षातून एकदा येतो, तो या संमेलनात. असे असता त्या दिवशीच्या बारा गाण्यांपैकी नऊ गाणी जर कोठल्याशा हिंदी चित्रपटातील असतील, तर त्यावर आक्षेप घेणारा पालक हट्टी नसून जागा आहे, असे आम्ही म्हणू. मराठी गाणी मुलांना आवडत नाहीत ही सबब आम्हाला मान्य नाही. बसविणाऱ्याला ती माहीत नाहीत, हे कारण अधिक खरे.

परंतु शेजारच्या कानडी घरातील मूल आपल्या शाळेत शिकत असेल आणि त्याने पुरंदरदासांचे एखादे पद म्हणावयाचे ठरविले, तर त्यावर नाक मुरडण्याचा करंटेपणा आपण करू नये. आपल्या जिल्ह्यातील सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, कानडी घरातले. त्यांनी मराठी भावगीत आणि नाट्यगीत किती उंच नेले हे सांगावयास नको. १९२२ साली गदगला जन्मलेले भीमसेन जोशी तुकोबांचा अभंग ज्या भक्तीने गात, त्याच भक्तीने दासांची पदे गात. भाषेचा हक्क मागणे हे एक. सुराला वेस घालणे हे दुसरे. पहिले आपण करतो आहोत आणि करीत राहू. दुसरे आपल्या परंपरेत बसत नाही.

चौथा आक्षेप सहसा उच्चारला जात नाही, म्हणून तो आम्ही उच्चारतो. तो पैशाचा. गाणे निवडताना त्याचा पोशाख निवडला जातो, आणि भाड्याच्या पोशाखाचे पैसे प्रत्येक घरातून येतातच असे नाही. मग “आम्हाला ते गाणं पसंत नाही” असे आई सांगते. तिला गाणे पसंत असते, परवडत नसते. मागच्या रांगेत कोणाला उभे केले जाते आणि का, हेही कधी तपासून पाहावे. घरात असलेल्या साडीत, फेट्यात, धोतरात बसविता येईल असे गाणे निवडणे ही काटकसर नव्हे. तो न्याय आहे.

आता उपाय. ते फार सोपे आहेत. गाण्यांची निवड दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात व्हावी. निवडलेल्या प्रत्येक गाण्याचे संपूर्ण शब्द, कोठून घेतले त्या उल्लेखासह, सूचनाफलकावर लावावे आणि पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवावे. मोठ्याने वाचताना ज्या ओळीशी आपला आवाज अडखळतो, ती ओळ मुलाच्या तोंडी घालू नये. याहून चांगला परीक्षक आम्हाला ठाऊक नाही. आक्षेप आठ दिवसांत, लेखी, ओळ दाखवून घ्यावा. ते गाणे बसविणाऱ्या शिक्षकाला समोर बसवून मगच निर्णय करावा. तालीम सुरू झाल्यावर गाणे रद्द करू नये; फार तर एखादे कडवे गाळावे, एखादा हावभाव बदलावा. ज्याला भाग घ्यावयाचा नाही त्या मुलाला दुसरे मानाचे काम द्यावे. शिक्षणहक्क कायद्याने शासकीय शाळांच्या समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले आहे. आपल्याकडे तिला शाळा सुधारणा समिती म्हणतात. ही समिती केवळ छप्पर दुरुस्तीच्या कागदावर सह्या करण्यासाठी नाही. गाण्यांची यादी तिच्यापुढे यावी. जिथे अशी समिती नाही तिथे पालकसभा हे काम करू शकते.

आणि एक विनंती शिक्षकांना. पालक गाण्याचे शब्द विचारतो तेव्हा तो आपल्यावर अविश्वास दाखवितो असे मानू नका. त्याला वही दाखवा. त्या बाईंची वही वेळेवर उघडली गेली असती तर बारा मुलींचे डोळे कोरडे राहिले असते. ती उघडण्याची मागणी करणे आमचे काम होते, तुमचे नव्हे. म्हणून हा दोष आम्ही तुमच्यावर ढकलीत नाही.

पालकहो, त्या मुली आता आठवीत आहेत. त्यांना ते कोळीगीत अजून येते. गेल्या महिन्यात एका लग्नाच्या मांडवात त्यांतल्या तिघींनी ते कोणी न सांगता म्हटले आणि मांडवातील म्हाताऱ्याकोताऱ्यांनी ठेका धरला. त्या वेळी आक्षेप घेणारे ते गृहस्थही तिथे होते. टाळ्या वाजविणाऱ्यांत ते होते आणि आम्हीही होतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि खाली मान घातली. हे गाणे चार वर्षांपूर्वी, ज्या रात्रीसाठी ते बसविले होते त्या रात्री, ऐकावयास मिळाले असते.

आजच्या सभेत फळ्याशेजारी यंदाच्या गाण्यांची यादी आणि त्यांचे शब्द लावलेले आहेत. चहा घेण्यापूर्वी आपण सर्वांनी ते वाचावेत, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.